टर्बो पेट्रोल गाडी भार पडताच झटके देते आणि ओढत नाही: दोष टर्बोचा की ठिणगीचा?

चौथा_गिअर:

नमस्कार. माझ्या गाडीला १.४ लिटरचे, चार सिलिंडरचे, डायरेक्ट इंजेक्शन असलेले टर्बो पेट्रोल इंजिन आहे. गिअर हाताने बदलायचे आहेत आणि गाडी आजवर ९२,००० किलोमीटर धावली आहे. गेले तीन आठवडे एक त्रास सुरू आहे, आणि त्याचे मूळ शोधण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

गाडी चालू होताना काहीच अडचण येत नाही, आयडलिंग एकसारखे आहे, आणि सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालवली तर दोष जाणवतही नाही. मात्र तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमच्या आसपास असताना चढणीसाठी किंवा पुढचे वाहन ओलांडण्यासाठी अॅक्सिलरेटर खोलवर दाबला की दोन-तीन जोरदार झटके बसतात, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, मग तो कायमचा लागून राहतो आणि गाडी ३,००० आरपीएमच्या वर जायला नकार देते. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की काही वेळ ती बरी चालते. आठवडाभरापासून अॅक्सिलरेटर दाबताना बॉनेटखालून हवा सुटल्यासारखा सूऽऽ असा आवाजही येऊ लागला आहे, आणि पेट्रोल पूर्वीपेक्षा जास्त लागते.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी ०३०२, पी ०३०० आणि पी ०२९९ असे तीन कोड निघाले. मी ते लिहून घेतले, पण तिथल्या माणसाने ते लगेच पुसले आणि टर्बो गेला आहे, तो बदलावा लागेल, असे सांगितले. कोणतीही मोजणी न करता दिलेला हा निर्णय मला पटला नाही. स्पार्क प्लग ५५,००० किलोमीटरपूर्वी बदलले होते, त्यांना उच्च व्होल्टेज देणाऱ्या कॉइल मात्र मूळच्याच आहेत.

माझे प्रश्न दोन आहेत. मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणे, आणि टर्बोचा कमी दाब हे एकाच दोषाचे परिणाम आहेत की दोन वेगळे दोष? आणि तपासणी कोणत्या क्रमाने करावी, म्हणजे विनाकारण सुटे भाग बदलावे लागणार नाहीत?

ठिणगी:

सर्वात आधी एक विनंती. दिवा लुकलुकत असताना अॅक्सिलरेटरवरचा पाय ताबडतोब सैल करा, आणि मिसफायर थांबेपर्यंत गाडीवर भार टाकू नका. स्थिर दिवा कोणत्याही दोषाचा असू शकतो, पण लुकलुकणाऱ्या दिव्याचा अर्थ असा, की न जळलेले पेट्रोल एग्झॉस्टमध्ये जात आहे आणि ते धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून त्याला इजा करू शकेल इतके मिसफायर होत आहेत. प्लग आणि कॉइल बदलणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, वितळलेल्या कन्व्हर्टरचे तसे नाही.

आता कोडविषयी. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी ०३०० म्हणजे एकाहून अधिक सिलिंडरमध्ये अनियमित मिसफायर, आणि पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब मागणीपेक्षा कमी. कोड पुसले गेले याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण कोडबरोबर साठवलेली फ्रीझ फ्रेमची माहितीही पुसली जाते. दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम किती होते, भार किती होता, इंजिन गरम होते की थंड, हे सगळे त्यात असते. पुढच्या वेळी कोड आले तर आधी ती माहिती उतरवून घ्या.

दोष फक्त भाराखाली का दिसतो, हे समजले की तपासणीची दिशा आपोआप ठरते. प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडायला किती व्होल्टेज लागेल हे त्या फटीच्या रुंदीवर आणि तिच्यातील वायूच्या दाबावर अवलंबून असते. फ्रीडरिख पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मांडलेला हा नियम आपल्या इंजिनातही तसाच लागू पडतो. ढोबळ हिशेब करून पाहा. आयडलिंगला मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतील, निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वातापासून मोजलेला) साधारण ०.३५ बार असतो, आणि १० च्या कॉम्प्रेशन रेशोमध्ये, हवा दाबताना तापतही असल्याने, तो पिस्टन वर येईपर्यंत सुमारे ७ बार होतो. टर्बो पूर्ण जोरात असताना मॅनिफोल्डमध्ये १.९ बार असेल, तर तोच आकडा ३८ बारच्या घरात जातो. ठिणगी पिस्टन अगदी वर पोहोचण्याआधी पडते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे यापेक्षा कमी असतील, पण गुणोत्तर बदलत नाही. आयडलिंगला ठिणगीसमोर जितका अडथळा असतो, त्याच्या कितीतरी पट अडथळा तुमची गाडी झटके देते त्या क्षणी असतो. म्हणूनच थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग आयडलिंगला बिनतक्रार काम करतो आणि भार पडताच हार मानतो.

टर्बो इंजिनांत प्लगची फट याच कारणाने कमी ठेवलेली असते, बहुतेकदा ०.६ ते ०.८ मिलिमीटर. टर्बो नसलेल्या इंजिनांत १ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फट सर्रास आढळते. प्लग जसजसा झिजतो तसतशी ही फट रुंदावत जाते, आणि ५५,००० किलोमीटर चाललेल्या प्लगची फट मूळ मापाची राहिली असेल असे मला वाटत नाही.

चारही प्लग इंजिन थंड असताना काढा, कारण गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे खराब होतात. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा, फिलर गेजने फट मोजा, आणि पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसते का ते नीट पाहा. तशी रेघ असेल तर ठिणगी फटीतून न जाता चिनीमातीच्या बाहेरून सरळ धातूवर उतरत आहे असे समजावे. त्याची जोडीदार रेघ बहुतेक वेळा कॉइलच्या रबरी बूटच्या आतही असते, आणि त्यातले एकच बदलले तर नवा भाग लवकरच पुन्हा खराब होतो. प्लगच्या खोबणीत तेल दिसले तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट गळते आहे.

त्यानंतर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा. प्लग मात्र आपापल्या जागीच राहू द्या, कारण दोन्ही एकदम हलवले तर दोषी कोण हे कळत नाही. कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला. पी ०३०२ कायम राहिला तर मग प्लगची अदलाबदल करा, आणि तरीही फरक पडला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन यांच्याकडे वळा. इंजिन चालू असताना कॉइल उपसून पाहण्याची जुनी सवय कृपया टाळा. तिथे ३०,००० व्होल्टच्या घरातला धक्का बसू शकतो.

जुना_पाना:

मी अनेक वर्षे कार्यशाळेत टर्बो गाड्यांवर काम केले आहे. ठिणगी यांनी लिहिलेल्या प्रत्येक वाक्याशी मी सहमत आहे आणि सुरुवात तिथूनच करावी. मात्र पी ०२९९ हा मिसफायरचा परिणाम आहे असे गृहीत धरू नये.

मिसफायर दिसला की ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) इंजिनाचे संरक्षण म्हणून त्या सिलिंडरचे पेट्रोल बंद करू शकतो आणि टर्बोचा दाबही स्वतःहून कमी करतो. पण दाब स्वतःहून कमी करताना तो मागणीच कमी करत असतो, त्यामुळे मागणी आणि प्रत्यक्ष दाब यांत फारशी तफावत पडत नाही. पी ०२९९ मात्र या तफावतीचाच कोड आहे. एक सिलिंडर पूर्ण बंद पडल्याने टर्बाइनला (टर्बोच्या एग्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाला) मिळणारा एग्झॉस्ट कमी होऊन तफावत पडणे अगदीच अशक्य नाही, पण त्याच्या जोडीला सूऽऽ असा आवाज येत असेल तर मी हवेची गळती शोधेन. माझा अंदाज असा, की तुमच्या गाडीत दोन दोष आहेत.

आकडे नसताना टर्बोला दोष देऊ नये. स्कॅनरवर तीन गोष्टी पाहा. पहिली, इंजिन बंद आणि इग्निशन चालू असताना मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा) काय दाखवतो. समुद्रसपाटीजवळ तो १०० किलोपास्कलच्या (१ बारच्या) आसपास असावा आणि उंचीवर त्या जागेच्या वातावरणाच्या दाबाइतका. तो इथेच चुकत असेल तर पुढच्या कोणत्याही आकड्यावर विसंबता येणार नाही. दुसरी, भाराखाली मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. हे दोन्ही आकडे निरपेक्ष आहेत की वातावरणाच्या वरचे, हे आधी पाहून घ्या, कारण १०० किलोपास्कलचा घोटाळा नेमका इथे होतो. तिसरी, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू हिशेबापेक्षा पेट्रोल किती टक्के जास्त किंवा कमी सोडतो तो आकडा, आयडलिंगला आणि भाराखाली वेगवेगळी.

फ्युएल ट्रिमवर मी जरा जास्त लिहितो, कारण गळती कोणत्या भागात आहे हे ती जवळजवळ बोट ठेवून दाखवते. तुमच्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एअर मास सेन्सर असेल, तर तो एअर फिल्टरनंतर लगेच बसवलेला असतो आणि तिथून गेलेली सगळी हवा सिलिंडरमध्ये पोहोचली असे ईसीयू धरून चालतो. टर्बो आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी झडप) यांच्यामधला होज फाटला असेल, तर भाराखाली मोजलेली हवा वाटेतच बाहेर पडते, पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने सोडले जाते. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होते आणि ट्रिम उणे बाजूला जाते. आयडलिंगला त्याच होजमध्ये वातावरणाइतकाच दाब असतो, म्हणून तिथे काहीच दिसत नाही. याउलट थ्रॉटलनंतर मॅनिफोल्डला गळती असेल, तर आयडलिंगला तिथल्या निर्वातामुळे न मोजलेली हवा आत ओढली जाते, मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होते आणि ट्रिम अधिक बाजूला चढते. एअर मास सेन्सर नसून फक्त मॅप सेन्सरवर हिशेब करणाऱ्या गाडीत मात्र टर्बोच्या होजची गळती ट्रिममध्ये उमटत नाही, फक्त दाब कमी पडतो. त्यामुळे आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे आधी पाहा.

चौथा_गिअर:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली.

गाडीच्या पुस्तिकेत फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर दिली आहे. काढलेल्या प्लगची फट १.० ते १.१ मिलिमीटर भरली. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर वर्णन केल्यासारखी काळी रेघ स्पष्ट दिसली आणि त्याच्या कॉइलच्या बूटमध्ये विजेरीच्या उजेडात तशीच बारीक रेघ आढळली. खोबणीत तेल नव्हते. कॉइलची अदलाबदल करून थोडक्यात चालवून पाहिले तेव्हा पी ०३०३ आला. मग पुस्तिकेतील क्रमांकाचे चारही नवे प्लग ठरवून दिलेल्या टॉर्कने बसवले आणि ती एक कॉइल बूटसह बदलली. झटके आणि मिसफायर पूर्ण थांबले आहेत.

तरीही गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. मॅप सेन्सर इंजिन बंद असताना ९९ किलोपास्कल दाखवतो. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटरवर मागणी १९० किलोपास्कल आणि प्रत्यक्ष दाब १५० च्या पुढे जात नाही, दोन्ही निरपेक्ष. गाडीत एअर मास सेन्सर आहे. दीर्घकालीन फ्युएल ट्रिम आयडलिंगला अधिक २ टक्के आणि भाराखाली उणे १२ टक्के आहे.

पिवळा_दिवा:

होजची गळती असण्याची शक्यता मोठी आहे हे मान्य, परंतु तीन आठवडे मिसफायर होत असताना गाडी चालली आहे हे विसरून चालणार नाही. न जळलेल्या पेट्रोलमुळे कन्व्हर्टरमधील चिनीमातीची जाळी वितळून वाट अरुंद झाली असेल, तर तेही कमी दाबाचे कारण होऊ शकते. टर्बाइन फिरते ते तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांतील फरकावर. पुढे अडथळा असला की तो फरक कमी होतो, टर्बाइन मंदावते, आणि टर्बो पूर्ण निरोगी असूनही दाब चढत नाही. असे निरोगी टर्बो बदलले गेल्याचे आणि तरीही गाडी तशीच राहिल्याचे मी पाहिले आहे.

हे तपासायला कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या छिद्रात दाबमापक लावावा. इंजिन गरम असताना २,५०० आरपीएमवर दाब साधारण ०.२ बारच्या आत राहिला पाहिजे. आरपीएम स्थिर ठेवूनही काटा हळूहळू वर चढत गेला तर वाट नक्की अडलेली आहे. तुमच्या उणे १२ टक्क्यांचा उलगडा मात्र एकट्या कन्व्हर्टरने होत नाही, कारण वाट अडली तर हवा कमी येते आणि ती कमीच मोजली जाते. म्हणून गळती आधी शोधा, पण ही मोजणीही करूनच घ्या.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नसल्याने तिथे कार्बन साठतो, हे ९२,००० किलोमीटरनंतर लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचा मिसफायर सहसा थंड इंजिनावर, चालू करतानाच दिसतो. तुमच्याकडे ते लक्षण नाही, त्यामुळे आता तिकडे वळण्याचे कारण नाही.

जुना_पाना:

आयडलिंगला जवळजवळ शून्य आणि भाराखाली उणे १२. याहून स्पष्ट साक्ष मिळणे कठीण आहे. हवा टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामध्ये सुटते आहे. पेट्रोल जास्त का लागते याचेही उत्तर बहुतांशी यातच आहे. शिवाय रिच मिश्रणाची काजळी प्लगवर बसते, त्यामुळे आधीच थकलेल्या प्लगचा त्रास या गळतीने वाढवला असणार.

नुसते पाहून हा दोष बहुधा सापडत नाही. होज बाहेरून धड दिसतो आणि दाबाखाली फुगल्यावरच त्याची चीर उघडते. धुराची चाचणी, म्हणजे नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणे, हा चांगला मार्ग आहे, पण ती करणाऱ्याला थोडा दाब देऊन करायला सांगा. साधन नसेल तर एअर फिल्टरच्या बाजूचे तोंड बंद करून, नियंत्रकातून अर्धा बार हवा आत सोडावी आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे. एका बारच्या वर जाऊ नये, कारण सील आणि प्लास्टिकचे भाग सुटतात. टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या होजपासून सुरुवात करा, कारण टर्बोतून येणारी तेलाची बारीक वाफ तिथे जमते आणि गळतीच्या जागी तेलकट, धुळीने माखलेला डाग पडतो. अॅक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब वळवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल तर हवा बाहेर न जाता पुन्हा टर्बोच्या तोंडाशी परत येते, म्हणून तिथे बुडबुडे येणार नाहीत आणि ट्रिमही बिघडणार नाही. तो काढूनच पाहावा लागतो.

होज उघडलाच आहे तर टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहा. आडवी अगदी किंचित हालचाल चालते, पण चाके घराच्या भिंतीला टेकता कामा नयेत, आणि दांड्याच्या लांबीच्या दिशेने हालचाल बोटाला जाणवता कामा नये. जादा एग्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या वेस्टगेटची दांडी मोकळी आणि पूर्ण बंद होणारी हवी. आणखी एक, होज फाटलेला निघाला तर इंजिनाचे माउंट (इंजिन गाडीला धरून ठेवणारा रबरी आधार) तपासल्याशिवाय नवा बसवू नका. माउंटचे रबर तुटले की प्रत्येक झटक्याला इंजिन डुलते आणि गाडीच्या सांगाड्याला जखडलेला इंटरकूलर व डुलणारे इंजिन यांच्यामध्ये तो होज पिळला जातो.

चौथा_गिअर:

दुसऱ्या एका कार्यशाळेत दाब देऊन धुराची चाचणी करून घेतली. इंटरकूलरकडून थ्रॉटलकडे जाणाऱ्या होजच्या खालच्या बाजूला, वळणाच्या घडीत, सुमारे ४ सेंटिमीटर लांबीची चीर निघाली. इंजिन बंद असताना ती पूर्ण मिटलेली होती आणि अर्ध्या बारवर तिच्यातून धुराचा झोत बाहेर आला. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा शाबूत आहे. टर्बोच्या दांड्याला लांबीच्या दिशेने हालचाल नाही आणि चाकांच्या पात्यांवर घासल्याच्या खुणा नाहीत. कन्व्हर्टरआधीचा दाब २,५०० आरपीएमवर ०.१ बार भरला आणि तो चढत गेला नाही.

होज आणि क्लॅम्प बदलल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा नोंद घेतली. मागणी १९० किलोपास्कल आणि प्रत्यक्ष १८८. सूऽऽ आवाज गेला आहे. भाराखालची ट्रिम उणे ३ टक्क्यांवर आली आहे.

माउंटविषयीची सूचनाही खरी ठरली. ब्रेक दाबून धरून क्लच किंचित सोडल्यावर इंजिन एका बाजूला ठळकपणे उचलले जात होते. गिअरबॉक्सकडच्या माउंटचे रबर मधोमध तुटले आहे. नवे माउंट मागवले आहे, आणि ते बसेपर्यंत भार न टाकता चालवत आहे. ठिणगी यांना एकच शेवटचा प्रश्न: नवे प्लग आता पुन्हा कधी तपासावेत, आणि उरलेल्या तीन जुन्या कॉइल आत्ताच बदलाव्यात का?

ठिणगी:

आकडे वाचून फार समाधान वाटले. पुस्तिकेत बदलण्याचे जे अंतर दिले आहे ते पाळाच, पण फट त्याच्या निम्म्या अंतरावर एकदा मोजा. प्लग इरिडियमचे असतील तर मधल्या टोकाला कशानेही रेटू नका, ते नाजूक असते आणि तुटते. फट फक्त तारेच्या गेजने हलक्या हाताने पाहावी. आजचे माप लिहून ठेवले असेल तर झिजेचा वेग तुम्हाला स्वतःलाच कळेल.

तिन्ही कॉइलचे बूट उजेडात आतून तपासा. रेघ नसेल, रबर कडक किंवा तडकलेले नसेल, आणि स्कॅनरवर त्या सिलिंडरांची मिसफायरची मोजणी भाराखाली शून्यावर राहत असेल, तर त्या बदलण्याचे कारण नाही. माउंट बसल्यानंतर त्याच चढणीवर, त्याच गिअरमध्ये चारही सिलिंडरांची मोजणी एकदा पाहा आणि इथे लिहा.

चौथा_गिअर:

माउंट काल बसले. चढणीवर तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये तीन-तीन वेळा पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन पाहिला. चारही सिलिंडरांची मोजणी शून्य राहिली आणि एकही कोड आला नाही. बूट तिन्ही स्वच्छ आहेत, त्यामुळे कॉइल तशाच ठेवल्या आहेत.